हाडांचा हिशेब



वसंत ऋतूतल्या या दिवसांत ऊन उतरल्यावर आपण येथे चार गोष्टी ऐकण्यासाठी जमता. या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे आणि डॉक्टर तर नव्हेच नव्हे. आमचे शाळेचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्यांच्या फाटकांवर, कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि सीताबर्डीच्या फुटपाथवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांपाशी झाले. असा माणूस मानवी सांगाड्यावर बोलायला उभा राहतो, याचे आपल्याला नवल वाटेल. म्हणून या विषयाशी आमची गाठ कशी पडली, ते आधी सांगतो.

गोष्ट सुमारे तीस वर्षांपूर्वीची. संघटनेच्या कामात आम्ही नवखे होतो. एका लहानशा कारखान्यात पत्रा कापण्याच्या प्रेसखाली एका कामगाराच्या उजव्या हाताची तर्जनी सापडली. बोटाचे टोक गेले. दाखल्यावर लिहून आले की, 'टोक कापले गेले, हाड गेलेले नाही.' मालक भरपाई द्यायला तयार होता. रक्कम हातात पडते आहे, तर वाद कशाला, असा विचार करून आम्ही त्या माणसाला सही करायला सांगितले. कागद रीतसर नोंदला गेला. महिन्याभराने त्याचे बोट दुखू लागले, म्हणून आम्ही त्याला घेऊन मेडिकलला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बोट चाचपले, क्ष-किरणाचा फोटो काढवला, तो खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि आम्हांला विचारले, "याच्या शेवटच्या पेरातले हाड कुठे आहे?"

हाड नव्हते. कागदावर होते आणि हातात नव्हते.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात माणसाच्या अवयवांचा तक्ता होता. पूर्ण अपंगत्वाची रक्कम मजुरी आणि वय पाहून ठरायची, आणि कोणता अवयव गेला की तिचे किती टक्के द्यायचे, हे तो तक्ता सांगे. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९. आणि हाड न जाता नुसते टोक गेले तर ५. पाच आणि नऊ यांच्या मध्ये काय उभे होते? बोटाच्या टोकातले एक हाड, चिंचोक्याएवढे. ते गेले की राहिले, यावर एका गरीब माणसाची जवळजवळ निम्मी भरपाई अवलंबून होती, आणि आम्ही त्याचे प्रतिनिधी असून आम्हांला ते विचारायचे सुचले नव्हते. पुढे २००९ च्या दुरुस्तीने त्या कायद्याचे नाव बदलले, आणि हा सगळा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला गेला. कायदे बदलतात, हाडे तीच राहतात. त्या दिवसापासून आम्ही हाडांचा अभ्यास धरला. त्याच डॉक्टरांनी आम्हांला पेटीतली खरी हाडे एकेक करून हातात दिली. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

हातापासूनच सुरुवात करू. आपला एक पंजा समोर धरा. त्यात २७ हाडे आहेत. मनगटात खड्यांसारखी लहान लहान ८, तळव्यात ५, आणि बोटांत १४. हे चौदा कसे, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या आया-आज्या बोटांच्या पेरांवर हिशेब करीत आल्या. चार बोटांना तीन तीन पेरे, म्हणजे बारा. अंगठ्याला दोन. झाली चौदा. प्रत्येक पेरात एक हाड असते. धांड्याच्या पेरांसारखे, पेर आणि सांधा, पेर आणि सांधा.

आता गंमत पाहा. त्या तक्त्यात करंगळीला ७ टक्के होते आणि अंगठ्याला ३०. अंगठ्याला पेरे दोनच, मग त्याची किंमत चौपटीहून अधिक का? कारण त्याच्या मुळाशी जो सांधा आहे, तो इतर बोटांना नाही. तिथली दोन हाडे घोड्याच्या खोगिरासारखी एकमेकांवर बसलेली असतात. त्यामुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर हलतो, आणि मुख्य म्हणजे वळून उरलेल्या चारही बोटांच्या समोर येऊन उभा राहतो. पाना धरणे, सुईत दोरा ओवणे, भाकरी थापणे, लेखणी धरणे ही सारी कामे या समोर येण्यावर चालतात. अंगठा तळव्यातील हाडासकट गेला, तर तक्ता ४० टक्के धरी. तक्ता करणाऱ्यांनी दया दाखवली नव्हती. हाडांची रचना पाहूनच त्यांनी आकडे मांडले होते.

आता सबंध सांगाडा घेऊ. प्रौढ माणसाच्या अंगात साधारणपणे २०६ हाडे असतात. डोके व चेहरा मिळून २२, दोन्ही कानांच्या आत तीन तीन मिळून ६, आणि जिभेच्या मुळाशी एक. पाठीच्या कण्यात २६, बरगड्या २४, आणि छातीच्या मध्यावरचे पाते एक. ही झाली मधल्या खांबाची ८०. खांदे आणि हात मिळून ६४, कंबर आणि पाय मिळून ६२. या यादीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोन पंजे आणि दोन पावले यांचीच हाडे १०६ भरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक हाडे निसर्गाने हातापायांच्या टोकांना दिली आहेत, जिथे बारीक काम करायचे असते आणि जिथे यंत्राचा दात आधी लागतो. तान्ह्या बाळाची हाडे तर तीनशेच्या घरात असतात. पुढे त्यांतली कित्येक एकमेकांना जुळतात. टाळू भरते ती याच जुळणीने.

हाड कशाचे बनलेले असते? घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. कोंबडीचे एक साफ केलेले हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा. बाहेर काढाल तेव्हा ते रबरासारखे वाकेल. आंबटाने त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियमचे क्षार, विरघळवून नेले. मागे राहिला तो चिवट तंतू. दुसरे हाड विस्तवात चांगले जाळा. आकार तसाच राहील, पण बोटाने दाबताच चुरा होईल. या वेळी तंतू जळाला आणि क्षार राहिले. जिवंत हाडात वजनाने सुमारे दोन तृतीयांश क्षार असतात, उरलेल्यात मुख्यतः तंतू आणि पाणी. बांधकामावरच्या माणसाला हे एका वाक्यात कळते: स्लॅबमध्ये सिमेंट दाब सोसते आणि सळई ताण सोसते. हाडात क्षार दाब सोसतात, तंतू ताण सोसतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

याचा पडताळा आपल्या विदर्भातच मिळतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटर पाण्यात ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालते. त्याहून पुष्कळ जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की आधी मुलांच्या दातांवर डाग येतात, आणि पुढे मोठ्यांच्या हाडांत फ्लोराइड साठते. हाड वरून अधिक घट्ट होते, पण ठिसूळ. सांध्यांभोवतीचे बंध चुन्यासारखे कडक होतात, कणा ताठतो, माणसाला मान वळवता येत नाही. घट्ट म्हणजे बळकट नव्हे, हा धडा तो बिचारा आपल्या पाठीने शिकतो.

हाडाचा आकारही विचारपूर्वक आहे. मांडीचे हाड मधोमध कापले तर नळी दिसते. सायकलचा सांगाडा नळ्यांचा का असतो? तितक्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा नळी वाकायला अवघड असते. तोच हिशेब इथे आहे. पण खुब्याकडचे टोक उभे कापले, तर आत नळी नाही, जाळी दिसते, स्पंजासारखी. ही जाळी वाटेल तशी विणलेली नसते. १८६६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे कुलमान नावाच्या अभियंत्याने मेयर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाकडचे असे कापलेले हाड पाहिले, आणि त्याच्या ध्यानात आले की, त्या जाळीच्या रेषा क्रेनच्या वाकड्या मानेत भाराच्या ज्या रेषा काढाव्या लागतात तशाच गेल्या आहेत. पुढे १८९२ मध्ये जर्मनीतील वोल्फ या शस्त्रवैद्याने यावरून नियम सांगितला: हाडावर जसा भार पडतो, तसे ते स्वतःला घडवते. भार पडला तर भरते, भार काढला तर झिजते. अंतराळात वजनच लागत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या कंबर-मांडीच्या हाडांतून महिन्याला सुमारे एक टक्का ऐवज कमी होतो. महिनोन्‌महिने खाटेवर पडलेल्या माणसाचेही असेच होते.

याचा अर्थ असा की, हाड हे घराच्या वाशासारखे निर्जीव लाकूड नव्हे. त्याला रक्त लागते, त्याला वेदना होतात, आणि त्याच्यात रात्रंदिवस काम चालू असते. हाडात एका जातीच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी त्या खाचेत नवे हाड भरतात. पाडणारे आणि बांधणारे अशा दोन टोळ्या एकाच जागी कामावर आहेत. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. तरुणपणी बांधणारे वरचढ असतात, उतारवयात पाडणारे. स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतर काही वर्षे ही घट फार वेगाने होते, कारण पाडणाऱ्यांना आवरणारा अंतःस्राव कमी होतो. पन्नाशीपुढच्या बाईचे मनगट साध्या पडण्याने मोडते, ते यामुळे.

हाडांची कामे मोजायची तर पाच मोजावी लागतील. देहाला आधार देणे हे पहिले. दुसरे राखण करणे: मेंदूला कवटी, काळजाला बरगड्यांचा पिंजरा, आणि मज्जारज्जूला कण्याची नळी. तिसरे, स्नायूंना पकड देऊन हालचाल घडवणे. पहार आणि टेकू यांनी दगड उचलतात, तशी कोपराच्या टेकूवर हाताची पहार चालते. ही तीन कामे डोळ्यांना दिसतात. उरलेली दोन दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे.

चौथे काम खजिन्याचे. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते, सुमारे किलोभर. राहिलेला एक टक्का रक्तात व इतरत्र असतो, पण त्याच्यावाचून स्नायू आकसणार नाही आणि काळीज नीट ठोके देणार नाही. तेव्हा रक्तातले प्रमाण कमी झाले, की शरीर हाडाच्या खजिन्यातून उचल घेते. आहारातून भरणा झाला नाही तर उचल वाढत जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत तर हा हिशेब फार कडक असतो. दूध, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला यांतून भरणा होतो. पण नुसते खाऊन भागत नाही. खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते त्वचेवर ऊन पडल्याने तयार होते. नागपुरात उन्हाची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. पण जो सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये शिरतो आणि दिवेलागणीला बाहेर पडतो, त्याच्या कातडीला ते ऊन कधी लागते?

पाचवे काम रक्त घडवण्याचे. मोठ्या माणसाच्या कण्यात, बरगड्यांत, छातीच्या पात्यात, कंबरेच्या हाडांत लाल मज्जा असते. तिथे दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. निरोगी पेशी चार महिने टिकते. आमच्या विदर्भात मात्र सिकलसेल नावाचा आजार पुष्कळ घरांत आहे. आईबाप दोघांकडूनही दोष आला, तर मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, दोन-तीन आठवड्यांतच मोडतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडांना रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना उठतात. कधी कधी मांडीच्या हाडाचे खुब्यातले डोकेच उपाशी मरते आणि खचते. ऐन पंचविशीतला मुलगा लंगडू लागतो. मुकादम त्याला कामचुकार म्हणतो. संघटनेचे लोकसुद्धा म्हणतात, हे आम्ही कानांनी ऐकले आहे. त्याच्या हाडात काय चालले आहे ते कोणाला दिसत नाही. रक्ताची एक साधी तपासणी लग्नाआधी दोघांनी करून घेतली, तर पुढच्या पिढीचे दुःख टाळता येते.

आता कण्याकडे वळू, कारण कळमन्याच्या बाजारात ज्यांच्या पाठीवर धान्य चढते-उतरते, त्यांच्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा. जन्मतः कण्यात ३३ मणके असतात. खालचे जुळून पुढे २६ हाडे होतात. मणक्यामणक्यांमध्ये गादी असते, बाहेरून चिवट कडे आणि आत गर. स्वीडनमधील नॅकेमसन या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कंबरेतील गादीत सुई घालून दाब मोजला. निजल्यावर दाब सर्वांत कमी निघाला, उभे राहिल्यावर वाढला, आणि कंबरेत वाकून हातांनी वजन उचलताना तो कितीतरी पट झाला. म्हणून ओझे अंगाजवळ घ्यावे, गुडघ्यांत वाकावे, पाठ सरळ ठेवावी. हा सल्ला खरा आहे. पण पोतेच जर शंभर किलोंचे असेल तर नुसत्या सल्ल्याने काय होणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला, आणि पोते पन्नास किलोंचे करा ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली. ही मागणी सवलतीची नव्हती. मणक्यामधल्या गादीला किती सोसते, त्याची ती मागणी होती.

मोडलेले हाड सांधते कसे, हेही सांगितले पाहिजे. मोडल्या जागी आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ कूर्चेचा सांधा धरतो. मग त्यात क्षार भरून तो कडक होतो, त्याला साधारण दीड ते तीन महिने लागतात. पुढे वर्षभर किंवा अधिक काळ पेशी तो गोळा तासून हाडाला मूळ आकार देतात. कातडी भरते ती वण ठेवून. हाड मात्र नीट बसवले तर पुन्हा हाडानेच भरते. प्लास्टर हाड जोडत नाही, नुसते स्थिर धरून ठेवते, जोडणारे आतले कामगार वेगळे आहेत. म्हणून 'दुखत नाही' म्हणून पंधरा दिवसांत प्लास्टर कापून कामावर जाणारा माणूस आपल्या मऊ सांध्यावर ओझे टाकतो. आणि त्याला तसे जावे लागते, कारण घरी चूल थांबलेली असते. रजेचा पगार हा औषधाचाच भाग आहे, असे आम्ही मालकांना सांगत आलो ते याच आधाराने. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे हाड उशिरा सांधते, हे मात्र कामगारांना सांगावे लागते, आणि ते त्यांना मालकांइतकेच कडू लागते.

आता आम्ही जिथून निघालो तिथे परत येतो. त्या पहिल्या प्रकरणानंतर सहा-सात वर्षांनी हिंगण्याच्या बाजूला आणखी एका कामगाराचे बोट गेले, या वेळी मधले. दाखल्यावर तेच शब्द: 'हाड गेलेले नाही.' या वेळी आम्ही सही करू दिली नाही. बोटाचे समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढवून घेतले. शेवटच्या पेराचे हाड नव्हते. चाराच्या जागी सात टक्के झाले. तो कामगार आम्हांला म्हणाला होता, "भाऊ, तीन टक्क्यानं काय होते? जाऊ द्या नं." तेवढ्या पैशांत त्याच्या घरावरचे फुटके कवेलू जाऊन टिना आल्या.

पहिला कामगार अजून भेटतो. पुढे त्याने भाजीचा ठेला लावला. ठेल्यावर गेलो की तो त्या अर्ध्या बोटाने काकड्या निवडून पिशवीत घालतो आणि आमच्याकडून पैसे घ्यायला नाही म्हणतो. आम्ही ते बळेच ठेवून येतो. त्याच्या मनात राग नाही. पण पाच आणि नऊ यांच्यातले चार टक्के आमच्याकडून त्याला येणे आहेत, आणि ते आता कोणत्याही न्यायालयात फिटणारे नाहीत.

म्हणून आपल्यापाशी मागणे एवढेच आहे. घरी कोणाच्या हातापायाला अपघात झाला, तर दाखल्यावर काय लिहिले ते सही करण्याआधी वाचा. न समजलेला शब्द डॉक्टरांना विचारा, त्यात कमीपणा नाही. क्ष-किरणाचा फोटो मागून घ्या आणि जपून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर दिव्याखाली आपल्या हाताची पेरे एकदा मोजा. चौदा भरली पाहिजेत.